रायझन ५ ३६०० ला कायमचे १.४ व्होल्ट दिले तर चालतील का?

एएमडीच्या या प्रोसेसरचे सहाही कोअर (प्रत्यक्ष काम करणारे आतले भाग) ४.३ गिगाहर्ट्झवर न्यायचे म्हणून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) १.४ व्होल्ट कायमचे ठेवायचा तुमचा विचार आहे. प्रोसेसर मुळातच १.४५ पर्यंत जाताना दिसतो, मग १.४ ला भ्यायचं कशाला, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: ठेवू नका.

१.४५ चा आकडा खरा आहे, पण तो दिसतो कधी? किरकोळ काम चालू असताना, एकदोन कोअरच धावत असताना. तेव्हा प्रवाह थोडा असतो. सगळे कोअर कामाला जुंपले की प्रवाह कितीतरी वाढतो आणि चिप स्वतःहून व्होल्टेज खाली आणते. झीज होते ती व्होल्टेज, प्रवाह आणि तापमान एकत्र चढले की. जोराच्या प्रवाहाने बारीक तारांमधले धातूचे अणू हळूहळू जागचे सरकतात, आणि ते परत येत नाहीत. बायोसमध्ये आकडा खिळवलात की खाली यायची ही सोयच तुम्ही बंद करता.

उष्णतेचंही बघा. वेग तोच ठेवून १.२५ चे १.४ व्होल्ट केले, तर वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे साधारण २५ टक्के जास्त. विदर्भातल्या मे महिन्यात, खोलीच चाळिशीला टेकलेली असताना, कूलरला हे झेपत नाही. थंडीत केलेली चाचणी उन्हाळ्यात धरू नका.

मग सुरक्षित आकडा कोणता? तो चिपलाच विचारा. सगळं ऑटोवर ठेवा, प्राइम९५ या प्रोसेसरवर पूर्ण ताण देणाऱ्या प्रोग्रॅममधली ‘स्मॉल एफएफटी’ नावाची चाचणी अर्धा तास चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या सेन्सरचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘एसव्हीआय२ टीएफएन’ असं लिहिलेलं कोअर व्होल्टेज बघा. मदरबोर्डच्या सेन्सरचा दुसरा आकडा बऱ्याचदा फसवतो. पूर्ण लोडवर चिप जिथे स्थिरावते, त्याच्या आसपास राहा. या पिढीत मी स्वतः कायमचं व्होल्टेज १.२५ च्या वर नेत नाही, आणि १.३ ला तर हातच जोडतो. तेवढ्यात ४.३ स्थिर राहिलं नाही, तर ४.२ किंवा ४.१ वर या. प्रत्येक चिपची कुवत वेगळी असते. दुसऱ्याचा स्क्रीनशॉट बघून आकडे भरू नका. २०१७ चे पहिले रायझन १४ नॅनोमीटर पद्धतीने बनवलेले होते, तुमचा त्याहून बारीक ७ नॅनोमीटरचा आहे. तेव्हाचे सल्ले इथे लावायचे नाहीत.

लोड-लाइन कॅलिब्रेशन, म्हणजे लोड आल्यावर व्होल्टेज किती खाली जाऊ द्यायचं ते ठरवणारं बायोसमधलं सेटिंग, मधल्या पायरीवर ठेवा. सगळ्यात वरची पायरी निवडली, तर लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं, आणि ती उसळी सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही.

हे इतक्या कळकळीने सांगतोय, कारण माझ्या एका जुन्या प्रोसेसरवर मी हेच केलं होतं. आठ महिने काही झालं नाही. मग त्याच वेगाला तो अडखळायला लागला, थोडं व्होल्टेज वाढवलं, महिन्याभरात पुन्हा तेच. शेवटी मूळ वेगावर आणला तेव्हा कुठे टिकला.

तुम्ही गेमसाठी करताय, तर आधी रॅमकडे बघा. एका कोअरला हा प्रोसेसर तसाही ४.२ पर्यंत जातो, त्यामुळे ४.३ ने गेममध्ये फारसा फरक पडणार नाही. रॅमचा वेग ३६०० वर आणि इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरचे आतले भाग एकमेकांना जोडणारा मार्ग) १८०० मेगाहर्ट्झवर बसलं, तर जास्त फायदा होईल. रॅम कोणती आहे ते कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.