गोळी सुरू झाली आणि स्वप्नं भिववू लागली

“मॅडम, गोळ्या सुरू झाल्यापासून भलतीसलती स्वप्नं पडतात. डोकं फिरत चाललंय का माझं?” हृदयविकार असो, दमा असो, हा प्रश्न फिरून फिरून येतो. विचारणाऱ्यांपैकी काहींनी तोवर डॉक्टरांना न सांगता गोळी सोडलेली असते.

दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार. ओळख बदलली आहे, आपण नाना म्हणू. हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, घरी विश्रांती. आणि स्वप्नात वरचेवर वारलेले वडील, अण्णा. बांधावर उभे राहून म्हणायचे, “चल, उशीर झाला.” घरच्यांना ते बोलावणंच वाटलं. त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळी हा पितरांच्या शांतीचा विधी करायचं ठरलं.

स्वप्नाचा अर्थ मी शोधत बसत नाही. जाग आल्यावर माणूस काय करतो, तिथे जास्त सापडतं.

“जाग कधी येते, नाना?”

“तीन-साडेतीनला. नाडी बघत बसतो.”

“आणि रात्रीची गोळी?”

नानांनी बायकोकडे पाहिलं. “एक दिवसाआड घेतो. नाही घेतली की अण्णा येत नाहीत.”

गोळी होती मेटोप्रोलॉल, हृदयाचे ठोके संथ ठेवणारी. ती मेंदूपर्यंत पोहोचते आणि काहींना फार ठसठशीत स्वप्नं पडतात. स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते, म्हणून जागही तेव्हाच येते. पण ही गोळी एकदम तोडली तर ठोके वाढतात, छातीत दुखू लागतं, पुन्हा झटकाही येऊ शकतो. खरा धोका त्या चुकवलेल्या गोळ्यांत होता. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. त्यांनी गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला लावली.

स्वप्नं विरळ झाली, धास्ती राहिली. मी विचारलं, “हे स्वप्न तुम्हाला बदलता आलं, तर कुठे बदलाल?” नाना बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, “अण्णांच्या हातात कात्री देईन. म्हणेन, एवढी ओळ छाटायची राहिलीय, दोघं मिळून उरकू.” आवाज भरून आला होता. नानांना वडिलांना घालवायचं नव्हतंच, थांबवून घ्यायचं होतं. हे उत्तर त्यांचंच होतं, म्हणूनच ते लागू पडलं. हाच बदललेला प्रसंग दिवसा डोळे मिटून रोज 10 ते 15 मिनिटं मनात चालवायचा; अंथरुणात पडल्यावर नाही. काही आठवड्यांत पहाटेची जाग आली तरी नाना कूस बदलून झोपू लागले.

तुम्हालाही असं होत असेल तर दोन आठवडे वही ठेवा: औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, कधीपासून, जाग किती वाजता. ती डॉक्टरांना दाखवा. वेळ किंवा औषध बदलता येतं का, हे त्यांना ठरवू द्या. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शक्यतो सकाळी देतात, रात्री घेतलं तर झोप बिघडते. बरेच दिवस चालू असेल तर तेही एकदम बंद करायचं नसतं. दम्याच्या मॉन्टेलुकास्टने मुलं झोपेत दचकत असतील, चिडचिडी झाली असतील, तर लगेच कळवा. झोप लागावी म्हणून दारू घेऊ नका, पहाटेची स्वप्नं आणखी भडकतात.

जागेपणी भास होणं, झोपेत हातपाय झाडणं, जीव नकोसा वाटणं, श्वास कोंडून जाग येणं, यांपैकी काही असेल तर वही भरत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि विधीला घरच्यांचं मन असेल तर अवश्य करा. त्र्यंबकला तीन दिवस राहायचं असतं, तेवढ्या गोळ्या मोजून पिशवीत घ्या.