पॅच करण्याआधी कोटिंग बघा
पॅच-क्लॅम्पमध्ये (काचेच्या बारीक नळीने पेशीचा विद्युतप्रवाह मोजताना) चेतापेशीचा सोडियम करंट कमी आला की लगेच औषधाचा परिणाम म्हणून लिहून टाकू नका. आधी कव्हरस्लिप (पेशी चिकटाव्यात म्हणून कोटिंग दिलेली पातळ काच) मायक्रोस्कोपखाली नीट बघा. पेशींचे गठ्ठे झालेत, न्यूराइट्स (पेशीचे लांब तंतू) जाड जुडग्यांत ओढले गेलेत? मग पेशींची काचेवरची पकड कच्ची आहे, व्होल्टेज क्लॅम्पही (पेशीचं व्होल्टेज ठरावीक पातळीवर धरणं) धड बसणार नाही. पॉलि-डी-लायसिनचं कोटिंग पेशीला फक्त विद्युतभारावर धरून ठेवतं. लॅमिनिनचं तसं नाही: ते पेशीच्या पडद्यावरच्या इंटेग्रिन या रिसेप्टरला जोडलं जातं, आत एसआरसीसारखी कायनेज (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारी एन्झाइम्स) जागी होतात आणि एनएमडीए रिसेप्टर, एल-टाइप कॅल्शियम चॅनेल या आयन आत सोडणाऱ्या वाटांचं वागणंच बदलू शकतं. त्यामुळे कंट्रोल आणि चाचणी एकाच कोटिंगवर, एकाच वयाच्या कल्चरवर घ्या. करंटला पेशीच्या कपॅसिटन्सने (तिच्या पडद्याच्या आकाराचं माप) भागाच. आणि हो, उरलेलं पॉलिलायसिन निर्जंतुक पाण्याने पुन्हापुन्हा धुवा. सुटं राहिलं तर ते पेशींना मारक ठरतं.