कागद फुटला, आता काय?

शासकीय गुपितांच्या कायद्याबद्दल सहा-आठ महिन्यांत आलेली पत्रं एकत्र ठेवली, तर गोंधळ एकच निघतो. फुटलेल्या कागदावरून चॅनेलवर दोन तास आरडाओरडा होतो आणि दुसऱ्या दिवशी मला विचारणा सुरू होते. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहून थकलो, म्हणून निवडक प्रश्न इथे घेतो. कायद्याचं नाव शासकीय गुपिते अधिनियम, १९२३. इंग्रजांनी आपल्यावर नजर ठेवायला केलेला, आणि आपण जपून ठेवलेला. वीरप्पा मोईलींच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये तो रद्द करा म्हटलं होतं. तो आहे तिथेच आहे.

प्रश्न : आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर ‘गोपनीय’ शिक्का असलेलं एक सरकारी पत्र आलं. मी ते पुढे पाठवलं. यात तीन वर्षांची शिक्षा आहे, असं मित्र सांगतो. (बीड)

मित्र वकील आहे का? नसेल तर त्याने घाबरवण्याआधी कलम वाचावं. तीन वर्षांपर्यंतची शिक्षा कलम ५ मध्ये आहे, पण नुसत्या शिक्क्यावर ती होत नाही. ‘गुपित’ म्हणजे काय, याची व्याख्याच या कायद्यात नाही. निर्गुंतवणुकीवरची मंत्रिमंडळाची टिपणी छापणाऱ्या एका पत्रकाराला दिल्लीच्या न्यायालयाने २००९ मध्ये आरोपमुक्त केलं. टिपणीवर ‘गुप्त’ लिहिलं म्हणून ती या कायद्याखाली येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

आता उलट बाजूही ऐका. हेरगिरीच्या कलम ३ मधला ‘गुप्त’ हा शब्द फक्त सांकेतिक लिपी आणि परवलीच्या शब्दाला लागू होतो, नकाशा किंवा दस्तऐवजाला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटलं. म्हणजे शिक्का नसलेला कागदही अंगाशी येऊ शकतो. आणि देणाराच नव्हे, जाणूनबुजून घेणाराही गुन्हेगार ठरतो.

काश्मीरमधल्या सैन्याच्या संख्येचा एक कागद संगणकात सापडला, म्हणून पत्रकार इफ्तिखार गिलानी यांना जून २००२ मध्ये अटक झाली. तो मजकूर इस्लामाबादच्या एका संस्थेने आधीच छापलेला होता, हवा त्याला वाचता येत होता. तरी सात महिने तिहारमध्ये काढावे लागले. लष्करी गुप्तचर विभागाने आपलं आधीचं मत बदललं, तेव्हा जानेवारी २००३ मध्ये सरकारने खटला मागे घेतला. शेवटी सुटका होते, हे खरं. पण ती शेवटी होते.

तुमच्या पत्रात काय होतं, ते तुम्ही लिहिलेलं नाही. बदल्यांची यादी असेल तर शांत झोपा, फार तर खात्याची नोटीस येईल. दुसरं काही असेल तर पत्र घेऊन जवळच्या फौजदारी वकिलाला भेटा.

प्रश्न : पोलीस ठाण्यात तक्रार घेत नव्हते म्हणून मोबाइलवर व्हिडिओ घेतला. ‘गुपिते कायदा लावतो’ अशी धमकी मिळाली. (संगमनेर)

हा कायदा लागत नाही. पोलीस ठाणं हे कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात सांगितलं आणि २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठानेही पाथर्डीच्या प्रकरणात तेच सांगितलं. शिवाय प्रत्येक ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० पासूनचा आदेश आहे. भिंतीवरच्या कॅमेऱ्याला चालतं ते तुमच्या मोबाइलने कसं फुटतं? फक्त हुज्जत घालू नका, सरकारी कामात अडथळ्याचं कलम वेगळं आहे. गुन्हा नोंदला असेल तर वकिलाकरवी उच्च न्यायालयात जा.

प्रश्न : लोहगावला विमान उतरताना खिडकीतून रील काढलं तर चालेल का?

नाही. तो हवाई दलाचा तळ आहे. दाबोळीही नौदलाचा.

प्रश्न : भरतीचा पेपर फोडणाऱ्याला गुपिते कायदा का लावत नाहीत?

त्यासाठी २०२४ पासून केंद्राचा आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आहे.

प्रश्न : बाबांना व्हिडिओ कॉल आला. ‘राष्ट्रीय गोपनीयता कायद्याखाली चौकशी चालू आहे, घरात कोणाला सांगितलंत तर अटक,’ असं सांगून दोन दिवस कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं. पैसेही गेले. असा कायदा आहे का? (ठाणे)

नाही, नाही आणि नाही. डिजिटल अटक नावाची गोष्ट भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही. बायको-मुलांना सांगायचं नाही, असं बजावणारा पोलीस हा पोलीस नसतो. ‘गुपित’ या शब्दाला आपली माणसं इतकी दबतात, की चोरांनी त्याचाच धंदा केला. आता दुसऱ्या टोळीबद्दल सावध करतो. ‘आमची वरपर्यंत ओळख आहे, गेलेली रक्कम काढून देतो, आधी फी भरा’ म्हणणारे याच घरांना पुन्हा फोन करतात. एक रुपयाही देऊ नका. १९३० वर तक्रार नोंदवा आणि बँकेला लेखी कळवा. दोन दिवस गेलेत, तिसरा घालवू नका.

प्रश्न : राफेलचे कागद चोरीचे होते, तरी न्यायालयाने ते पाहिले. म्हणजे पत्रकारांना आता मोकळीक आहे ना?

अर्धवट ऐकलंत. संरक्षण मंत्रालयातून राफेल विमानखरेदीचे कागद चोरीला गेल्याचं केंद्राच्या महान्यायवाद्यांनी (अ‍ॅटर्नी जनरल) ६ मार्च २०१९ रोजी न्यायालयात सांगितलं, मग त्या छायाप्रती असल्याचा खुलासा केला. सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिलला सरकारचा आक्षेप फेटाळला. कागद कसा मिळाला यापेक्षा तो विषयाशी संबंधित आहे का, हे पाहायचं, असा तो धागा. माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(२) आणि कलम २२ यांचाही आधार होता. लोकहित मोठं असेल तर गुपिते कायदा आड येत नाही, असं ती कलमं सांगतात. पण त्या निकालाने गुपिते कायद्याचं एकही कलम रद्द झालं नाही. आणि ज्यात हे कागद जोडले होते, ती राफेल व्यवहाराची फेरविचार याचिका १४ नोव्हेंबर २०१९ रोजी फेटाळलीच गेली. हा शेवट चर्चेत कोणी सांगत नाही.

प्रश्न : मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक आहे. निविदेच्या फाइलमध्ये उघड घोटाळा दिसतो. पानांचे फोटो काढून पेन ड्राइव्हवर ठेवलेत. पत्रकाराला द्यावेत का? कायदा मला संरक्षण देतो, असं ऐकलंय. (गावाचं नाव देत नाही)

गावाचं नाव दिलं नाहीत, हे चांगलं केलंत. पण पाकिटावर तुमच्या टपाल कार्यालयाचा शिक्का आहे आणि पत्र कार्यालयीन लेटरहेडच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलंय. मी ते फाडून टाकलं. माझ्याकडे येणारी दहातली आठ माणसं अशीच असतात. आधी फोडतात, मग वकील शोधतात.

‘ऐकलंय’ ते खोटं आहे. जागल्यांच्या, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संसदेत मंजूर झाला, ९ मे रोजी राष्ट्रपतींची सहीही झाली. अंमलबजावणीची अधिसूचना अजून निघालेली नाही. पुस्तकात आहे, तुमच्या पाठीशी नाही.

सत्येंद्र दुबे हे नाव आजच्या तरुण कर्मचाऱ्यांना माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातला कानपूर आयआयटीचा अभियंता. सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट टेबलांवरून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया इथे त्याला गोळ्या घातल्या. खटल्यात लुटीसाठी खून अशी मांडणी झाली, आरोपींना शिक्षाही झाली. पण मला अस्वस्थ करते ती नावाची गोष्ट. लष्कराचं गुपित फुटलं की सरकार हलतं. तक्रारदाराचं गुपित सरकारकडूनच फुटतं, त्याचा गुन्हा कोणावर नोंदवायचा? चर्चा ज्या फुटीवर व्हायला हवी, ती ही. आपल्याकडे तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी जानेवारी २०१० मध्ये मारले गेले. ते तर कागद माहिती अधिकारात, रीतसर मागत होते.

दुबे गेल्यावर एप्रिल २००४ मध्ये केंद्राने एक ठराव काढला. बंद पाकिटात, बाहेर नाव न लिहिता, केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रार करायची. नाव-पत्ता आतल्या पत्रात हवा, निनावी तक्रार घेत नाहीत. पण ती सोय केंद्राच्या कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, तुमच्या साहेबांविरुद्ध नाही. तुमच्यासाठी लोकायुक्त आहेत, लाच असेल तर १०६४ वर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग आहे.

निविदेची फाइल गुपिते कायद्यात बसवणं सरकारला जड जाईल, शिवाय शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची तक्रार असल्याशिवाय न्यायालय दखलच घेत नाही. पण तुमची नोकरी जायला तो कायदा लागतच नाही, वर्तणूक नियम पुरतात. आणि फोटोत टेबलावरचा तुमचा चहाचा कप दिसला, तरी काम झालं. म्हणून पत्रकाराला काही देऊ नका. पेन ड्राइव्ह घरी, ऑफिसात हलवत बसू नका. फाइलचा क्रमांक, तारीख, टिपणीचं पान डोक्यात ठेवा. हीच फाइल बाहेरचा नागरिक माहिती अधिकारात मागू शकतो, आणि निविदा मंजूर झाल्यावर ती नाकारणं सोपं नसतं. कोणी, कधी आणि कोणत्या शब्दांत मागायची, हे इथे छापणार नाही. सेवाविषयक खटले चालवणाऱ्या वकिलाला प्रत्यक्ष भेटा. ऑफिसच्या फोनवरून वेळ घेऊ नका.

प्रश्न : चिरंजीव दारूगोळा कारखान्यात शिकाऊ उमेदवार आहे. फेसबुकवरची एक मुलगी महिनाभर गोड बोलली, आता ‘तुमच्या शेडचा फोटो पाठव’ म्हणते, पैसेही देऊ करते. त्याने दोन फोटो पाठवलेत. परीक्षा झाल्यावर बघू म्हणतो.

परीक्षा राहू द्या. संरक्षण आस्थापनांच्या बाबतीत कलम ३ खाली चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि परकीय हस्तकाशी संपर्क हाच कलम ४ प्रमाणे पुरावा म्हणून पुढे येतो. ती ‘मुलगी’ कदाचित मुलगी नसेलच. चॅट पुसू नका, फोन बदलू नका, तिला ब्लॉक करून शहाणपणा करू नका. वकिलाला सोबत घेऊन कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे स्वतः जा. स्वतः गेलेला आणि पकडून आणलेला, यात खूप अंतर असतं.

पत्र मिळालं त्याच दिवशी मी तुम्ही दिलेल्या नंबरवर तीनदा फोन केला. उचलला नाहीत. हे वाचत असाल तर आधी मला फोन लावा.