पॅकेजचे पैसे ज्यानं घेतले, जाब त्यालाच विचारा

प्रश्न : मी कराडजवळच्या गावात राहते, शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीच्या सुट्टीत सासर-माहेर मिळून आम्ही १६ जण (११ मोठे, ५ मुलं) मुंबई-पुणे रस्त्याकडच्या एका थीम पार्कला एक दिवसासाठी गेलो. गावातल्याच ओळखीच्या ट्रॅव्हल एजंटकडून गाडी, तिकिटं आणि दुपारचं जेवण असं पॅकेज घेतलं. एकूण ३९,१०० रुपये ठरले. २०,००० मी यूपीआयनं दिले, उरलेले १९,१०० आदल्या संध्याकाळी मिस्टरांनी रोख दिले. त्याची पावती मिळाली नाही. पहाटे ४ ला १७ सीटर एसी ट्रॅव्हलर येणार होती, ती आली साडेसहाला, आणि तीही लहान, एसी बंद. उरलेल्या सहा जणांसाठी पांढऱ्या पाटीची एक खाजगी कार पाठवली. पार्कच्या गेटवर पोहोचायला सव्वाबारा वाजले. दहा तिकिटं स्कॅन झाली, सहा झाली नाहीत. एजंटचा फोन बंद. मुलं रडायला लागली म्हणून खिडकीवर १०,२०० रुपये भरून सहा नवी तिकिटं काढली. परतताना ट्रॅव्हलरचा ड्रायव्हर ‘भत्ता आणि टोलचे ३,००० द्या, मगच गाडी सुटेल’ म्हणाला. रात्रीची वेळ, सोबत सासूबाई, म्हणून दिले. आता एजंट म्हणतो, ‘बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे, गाडी दुसऱ्याची, तिकिटं पार्कची, मी फक्त मधला माणूस. ओळखीखातर ५,००० देतो, विषय मिटवा.’ वर धाकटे दीर म्हणतात, ‘वहिनी, ठरवलं तुम्ही, आमच्या वाट्याचे पैसे तुम्हीच परत करा.’ मी काय करू?

उत्तर : ताई, शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात पैशांपेक्षा तेच जास्त दुखताना दिसलं. दिरांना तुम्ही कायद्यानं काहीही देणं लागत नाही. सगळ्यांच्या सोयीसाठी तुम्ही पैसे गोळा केले, जसेच्या तसे एजंटला पोहोचवले, मध्ये एक रुपया ठेवला नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात मोबदला न घेता केलेलं काम ‘सेवा’ या व्याख्येतच बसत नाही, त्यामुळे नातेवाइकांच्या बाबतीत तुम्ही सेवा देणाऱ्या ठरत नाही. उलट याच कायद्याच्या कलम २(७) प्रमाणे, ज्यानं पैसे देऊन सेवा घेतली तो ग्राहक आहेच, पण त्याच्या संमतीनं ज्यांनी तिचा लाभ घेतला तेही ग्राहक आहेत. म्हणजे तुमचे दीर, जाऊबाई, सासूबाई, पाचही मुलं सगळे तुमच्या बाजूचे आहेत. दिरांचा राग खरा असेल, पण तो चुकीच्या दारात उभा आहे.

आता ‘मी फक्त मधला माणूस’ या वाक्याकडे येऊ. ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायालयासारख्या यंत्रणेत, इतक्या वर्षांत हे वाक्य मी कितीदा ऐकलं याची गणती नाही. तुम्हाला त्यानं गाडीमालकाचं नाव आधी सांगितलं होतं का? गाडीचं वेगळं बिल दिलं होतं का? तुमच्या पत्रावरून तरी तसं दिसत नाही. त्यानं एक रक्कम सांगितली, एकट्यानं घेतली. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २३० सांगतं की एजंट ज्याच्यासाठी काम करतो त्या मालकाचं नाव त्यानं उघड केलं नसेल, तर करारानं तो स्वतःच बांधला गेला असं गृहीत धरलं जातं. त्यानं पुढे गाडी कोणाकडून घेतली, त्याला किती दिले, तो त्यांचा आपसातला व्यवहार. तुमच्याशी बोलणं झालं ते पहाटे ४ ची वेळ, १७ सीटर, एसी, १६ तिकिटं, जेवण या सगळ्याचं, आणि त्या सगळ्याला जबाबदार तोच.

‘नॉन-रिफंडेबल’चं म्हणाल, तर ती अट तुम्ही येणं रद्द केलं असतं तर कामाची होती. तुम्ही रद्द केलं नाही. तुम्ही पहाटे साडेतीनपासून डबे, पाण्याच्या बाटल्या घेऊन दारात उभ्या होतात. त्यानं ठरलेलं दिलं नाही, आणि त्याला कायद्यात ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतात. सदोष सेवेचे पैसे परत न करणं आणि बिल किंवा पावती न देणं या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) मध्ये ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणून स्पष्ट लिहिलेल्या आहेत. इथे एक काळजी घ्या. तक्रारीत ‘ही अट म्हणजे अन्यायकारक करार आहे’ असं मुख्य म्हणणं मांडू नका. करारच अन्यायकारक आहे अशा तक्रारी ऐकण्याचा अधिकार कायद्यानं राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. तुमचं काम सेवेतील त्रुटी आणि अनुचित प्रथा एवढ्यावर नीट उभं राहतं. उगाच मुंबईच्या वाऱ्या ओढवून घेऊ नका.

आता त्या सहा तिकिटांविषयी. तुम्ही लिहिलंय, ‘स्कॅन झाली नाहीत.’ ताई, या तीन शब्दांवर अर्धी केस आहे. गेटवरच्या मुलानं नेमकं काय सांगितलं ते आठवा. मशीनवर तारीख वेगळी दिसत होती, का तिकीट आधीच वापरलेलं दिसत होतं? दोन्हींत फार अंतर आहे. तारीख चुकली असेल तर एजंटचा निष्काळजीपणा झाला. पण तेच कोड त्या दिवशी सकाळी दुसऱ्या कुणी वापरून आत गेलं असेल, तर एकच तिकीट दोघांना विकलं गेल्याचा संशय येतो आणि प्रकरणाचा रंगच बदलतो. म्हणून पार्कच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. सहाही तिकिटांचे नंबर, कोडचे फोटो, खिडकीवर काढलेल्या नव्या तिकिटांच्या पावत्या जोडा आणि एवढंच विचारा : ही तिकिटं कोणत्या तारखेची होती, कोणत्या बुकिंगमधली होती आणि ती कधी वापरली गेली. भाषा सौम्य ठेवा, पार्कवर आरोप करू नका. उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी तुम्ही वेळेत विचारल्याचा पुरावा राहतो, आणि ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे आयोगाला ती नोंद मागवून घेण्याचा अधिकार आहे.

पोलिसांत जायचं का, हेही त्या उत्तरावर ठरेल. गावात लगेच ‘चारशेवीस लावा’ म्हणतात. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीसाठी जुन्या कलम ४२० ऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागू आहे. पण शब्द मोडला म्हणजे फसवणूक झाली असं होत नाही. पैसे घेतानाच द्यायचं मनात नव्हतं, हे दाखवावं लागतं. तिकिटं दोनदा विकल्याचं दिसलं तर मी स्वतः तुम्हाला पोलीस ठाण्यात जा म्हणेन. आज तसं म्हणत नाही.

रोख दिलेल्या १९,१०० ची तुम्हाला फार धास्ती वाटतेय. पावती नसली तरी व्यवहार पुसला जात नाही. पत्रासोबत पाठवलेल्या व्हॉट्सॲपच्या फोटोंत एक मेसेज आहे, बहुधा तुमच्या नजरेतून सुटला असेल. आदल्या दिवशी दुपारी एजंट लिहितो, ‘फुल पेमेंट झाल्याशिवाय तिकिटं सोडत नाही.’ आणि त्याच रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी सोळाही तिकिटं तुमच्या फोनवर येतात. मधल्या वेळात पेमेंट पूर्ण झालं असल्याशिवाय हे घडत नाही. त्याच्या जोडीला मिस्टरांचं प्रतिज्ञापत्र आणि त्या दिवशी बँकेतून किंवा एटीएममधून पैसे काढले असतील तर खातेउतारा, एवढं पुरेसं वजनदार होतं.

हे मेसेज जपा. स्क्रीनशॉटवर भागवू नका, पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ईमेलवर ठेवा. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सेटिंग चालू असेल तर आत्ताच्या आत्ता बंद करा. आणि तो फोन विकू नका, बदलू नका. आयोगात पुराव्याचे नियम दिवाणी कोर्टाइतके कडक लावले जात नाहीत, तरी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, म्हणजे ही प्रत मूळ फोनमधूनच घेतली आहे असं सांगणारं, प्रमाणपत्र चॅटच्या प्रतींना जोडलं की समोरच्या वकिलाला ‘हे बनावट आहे’ म्हणायला जागा उरत नाही.

पांढऱ्या पाटीच्या गाडीचा तुम्ही एका ओळीत उल्लेख केलात. मी मात्र तिथे थांबले, पुन्हा वाचलं. त्या गाडीत तुमच्या सासूबाई आणि दोन लहान मुलं होती ना? भाड्यानं माणसं नेणाऱ्या गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागतं, आणि अशी टॅक्सी-टुरिस्ट गाडी पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांची असते. खाजगी गाडीचा विमा खाजगी वापरापुरता असतो. घाटात काही घडलं असतं, तर ‘गाडी भाड्यानं वापरली, पॉलिसीची अट मोडली’ म्हणून विमा कंपनी हात वर करायला मोकळी होती. देवाच्या कृपेनं सगळे सुखरूप घरी आले. पण तक्रारीत हा मुद्दा ठळक लिहा. मुलांच्या फोटोत मागे त्या गाडीचा नंबर आला असेल, शोधा. आरटीओकडे वेगळी तक्रार करता येईल, ती तुमची मर्जी.

ड्रायव्हरनं घेतलेले ३,००० सरळ परत मागा. पॅकेजच्या मेसेजमध्ये ‘टोल, पार्किंग, ड्रायव्हर भत्ता सगळं धरून’ असे शब्द आहेत. रात्री अनोळखी ठिकाणी, म्हातारं माणूस आणि झोपलेली मुलं सोबत असताना ‘दिल्याशिवाय गाडी सुटणार नाही’ म्हणून घेतलेले पैसे तुम्ही राजीखुशीनं दिले असं कोणी म्हणू शकत नाही. जबरदस्तीनं घेतलेले पैसे परत करावे लागतात, असं करार कायद्याचं कलम ७२ आहे.

मागायचं किती? इथे मी तुम्हाला थोडं थोपवणार आहे. पूर्ण ३९,१०० मिळतील असं धरून चालू नका, कारण दहा तिकिटं चालली, मुलं राईडमध्ये बसली, सगळे घरी परतले. खिडकीवरच्या तिकिटांचे १०,२०० मागा, पण मग न चाललेल्या सहा तिकिटांचे मूळ पैसे वेगळे मागू नका. एकच नुकसान दोनदा भरून मिळत नाही. त्या सहा जणांच्या जेवणाला वेगळा खर्च झाला असेल तर बिल लावा. ड्रायव्हरचे ३,०००. झाले १३,२००, या रकमेवर वाद घालायला फारशी जागा नाही. मग गाडी : मेसेजमध्ये तिचे १४,००० धरले आहेत, त्यातले निम्मे मागणं मला रास्त वाटतं. त्यावर मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. ही रक्कम समजूतदार ठेवा. चाळीस हजारांच्या सहलीला पाच लाखांची भरपाई मागितली की आयोगासमोर तुमच्याच बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचा विश्वास कमी होतो.

एजंट देऊ करतोय ते ५,००० तुमच्या खिशातून वर गेलेल्या १३,२०० च्या निम्मेही नाहीत. ओळखीखातर म्हणे! ओळख होती म्हणून तर तुम्ही पावती मागितली नाही. तडजोड वाईट नसते, वीस हजारांच्या आसपास मिळत असतील तर मी घ्या म्हणेन. पण ‘आता काहीही येणं नाही’ अशा कागदावर पैसे खात्यात येण्याआधी सही करू नका. आणि त्यानं आपणहून यूपीआयवर ५,००० टाकले, तर लगेच लिहून कळवा की ते अंशतः मिळाले, उरलेली मागणी कायम आहे.

आता कामाला लागा. आधी स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, तीच व्हॉट्सॲपवरही टाका. ग्राहक तक्रारीआधी नोटीस द्यायलाच हवी असं बंधन नाही, वकीलही लागत नाही, तुम्ही शाळेत अर्ज लिहिता तशा सरळ मराठीत लिहा : कधी काय ठरलं, किती पैसे कसे दिले, प्रत्यक्ष काय झालं, किती रक्कम हवी, १५ दिवसांत द्या. ‘१९,१०० रोख दिले’ हे वाक्य त्यात तारीख-वेळेसह असू द्या. तो उत्तरात ते नाकारतो का, हे बघायचं आहे. दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही वेळा तेवढ्यानंच माणूस जागा होतो.

नाही झाला, तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दिलेली मोठी सोय आहे. ऑनलाइनही दाखल होते. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्यानं फी शून्य. मुदत घटनेपासून २ वर्षं, पण तेवढं थांबू नका, गेटवरचे तपशील माणसं विसरतात. समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. कायदा म्हणतो निकाल ३ महिन्यांत व्हावा. प्रत्यक्षात तारखा लांबतात, त्याची तयारी ठेवा. तक्रार तुमच्या नावानं करा आणि दिरांचं प्रतिज्ञापत्र साक्षीदार म्हणून जोडा. खिडकीवर रांगेत तेच उभे होते, असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना फोन करून पैशांचा विषय काढण्याऐवजी एवढंच विचारा, ‘भाऊजी, गेटवरचा मुलगा तेव्हा नेमकं काय म्हणाला होता?’ ते उत्तर आधी कागदावर घ्या, मग पार्कला ईमेल करा. पार्कचं उत्तर आलं की मला कळवा, नोटिशीतली तिकिटांबद्दलची वाक्यं त्याप्रमाणे मी दुरुस्त करून देईन.