जपानी रंधा मागवलाय, धार लावली तरी साल निघत नाही. पात्याची मागची बाजू घासून सपाट करू का?

नाही, मागची बाजू आत्ता अजिबात घासू नका, आधी हे वाचा. तुम्ही लिहिलंय की ७० मिमीचा जपानी रंधा ऑनलाइन मागवला, १००० आणि मग ६००० ग्रिटच्या दगडावर धार लावली, हातावरचे केस निघतात इतकी धार आली, तरी सागाच्या फळीवर एकतर नुसता घसरतो नाहीतर तोंडात, म्हणजे साल वर येते त्या फटीत, साल अडकून गोळा होतो. आणि कुणीतरी सांगितलं की पात्याच्या मागे खड्डा आहे तो मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट, घासून सपाट करून घ्या. तो खड्डा लोहाराने मुद्दाम काढलेला असतो हो. तो गेला की पातं गेलंच समजा.

त्या खड्ड्याला इथे जपानमध्ये उरासुकी म्हणतात. पातं दोन थरांचं असतं, मागच्या बाजूला कडक पोलादाचा थर आणि त्याच्यावर मऊ लोखंडाचा जाड थर, दोन्ही भट्टीत ठोकून एकजीव केलेले. ढाळावर, म्हणजे धारेच्या तिरक्या बाजूवर, नीट बघितलंत तर धारेलगत चकचकीत पट्टी आणि तिच्या वर मळकट राखाडी भाग असे दोन रंग दिसतील. ते पोलाद इतकं कडक असतं की अख्खी पाठ दगडावर सपाट करायला जन्म जाईल, म्हणून मधे खोलगट ठेवून फक्त कडेची चिंचोळी चौकट दगडाला लागेल असं करतात. धारेलगतची सपाट रेघ जितकी बारीक तितकं चांगलं, जाणकार लोक दोऱ्याएवढी रेघ ठेवतात. तुम्ही ती रुंद करत गेलात तर पुढे प्रत्येक धारेला मेहनत वाढत जाणार.

मी नोकरीमुळे कोबेत राहते आणि सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करते. फक्त सुतारांच्या हत्यारांना वाहिलेलं ताकेनाका म्युझियम याच शहरात आहे आणि पिढ्यानपिढ्या हत्यारं बनवणारं मिकी हे गावही जवळच, त्यामुळे हा नाद लागला. ज्या आजोबांकडे मी शिकते ते धारेबद्दल बोलायच्या आधी रंधा उलटा करून त्याचा तळ बघतात. माझंही तुम्हाला तेच सांगणं आहे, तुमची धार ठीक दिसतेय, घोळ ठोकळ्यात आहे.

कारण हा रंधा विकताना पूर्ण झालेलाच नसतो. पातं लोहार बनवतो, ओकचा ठोकळा बहुतेकदा दुसराच कारागीर कोरतो, आणि शेवटची जुळवणी वापरणाऱ्याने करायची असते. हल्ली दुकानवाले ‘लगेच वापरा’ असं लिहितात, पण समुद्र ओलांडून आपल्या हवेत आलेलं लाकूड जसंच्या तसं राहत नाही.

आता तोंडात साल अडकण्याबद्दल, कारण ते मला तुमच्या वर्णनावरूनच ओळखू येतंय. पात्याच्या दोन्ही कडा ठोकळ्याच्या बाजूच्या खाचांमध्ये घुसलेल्या असतात. धार जर अख्ख्या रुंदीची असेल तर कोपरेही लाकूड कापतात, आणि तिथली साल वर यायला जागाच नसते, ती खाचेत कोंबली जाते आणि दोन हात मारले की तोंड बंद. म्हणून पात्याचे दोन्ही कोपरे तिरके घासून धारेची रुंदी तोंडाच्या रुंदीपेक्षा किंचित कमी करायची. भरड दगडावर पाणी घालून करा, वेळ लागू दे. बेंच ग्राइंडर लावू नका, पोलाद तापून निळं पडलं की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला.

मग घसरण्याचं. पातं घट्ट बसवा पण धार तळाच्या किंचित आत ठेवा, आणि मग तळ तपासा. पातं काढून तपासलं तर उपयोग नाही, कारण पात्याच्या दाबाने ठोकळा जरासा फुगतो. सरळ स्टीलपट्टी तळावर उभी धरून उजेडाकडे बघा. हा रंधा ढकलत नाहीत, आपल्याकडे ओढतात, म्हणून फिनिशिंगच्या रंध्याला तळ दोनच ठिकाणी टेकायला हवा, तुमच्याकडचं टोक आणि पात्याच्या लगेच पुढची पट्टी. मधला भाग आणि पात्याच्या मागचा भाग कागदाच्या जाडीएवढा खोल. तुमचा बहुतेक मधे फुगून तोंडाजवळची पट्टी वर उचलली गेली असेल, म्हणजे धार लाकडापर्यंत पोचतच नाही, आणि पातं अजून बाहेर काढलं की एकदम खोल घुसतं. इथे तळ खरवडायला उभ्या पात्याचा वेगळा छोटा रंधा असतो, तुमच्याकडे नसेल तर स्क्रेपरची स्टीलपट्टी चालेल. थोडं खरवडा, परत पट्टी लावा, परत खरवडा. सँडपेपरने कडा गोल होतात म्हणून मला तो इथे पटत नाही, शिवाय त्याचे कण लाकडात रुतून नंतर धार खातात.

पातं बसतंय कसं तेही बघा. ते पाचरीसारखं असतं, हाताने दाबून बरंचसं आत जावं आणि शेवटचे काही मिमी हातोडीने. फारच घट्ट असेल तर पात्याच्या ढाळाकडच्या बाजूला पेन्सिल घासा, ठोकून बसवा, काढा, ठोकळ्यात जिथे काळे डाग पडले तेवढेच पटाशीने हलके खरवडा. दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा हवी, नाहीतर कोरड्या हवेत ठोकळा आकसला की चिरतो. पातं सैल करताना ठोकळ्याच्या मागच्या टोकावर डाव्या-उजव्या कोपऱ्याला आलटून पालटून ठोका, मधोमध नको.

पुढे कधीतरी, बरीच धार लावून झाल्यावर, ती दोऱ्याएवढी रेघ संपेल आणि खड्डा थेट धारेला येऊन भिडेल. तेव्हाही पाठ घासत बसायचं नाही. ढाळावरचा जो मळकट मऊ लोखंडाचा भाग आहे त्यावर हातोडीच्या कोपऱ्याने हलके हलके ठोके देत पोलाद मागच्या बाजूला ढकलायचं, खाली ऐरणीच्या गोल कडेचा आधार ठेवून, आणि मग फक्त तेवढाच उचललेला भाग सपाट करायचा. एक ठोका जरी चकचकीत पोलादावर पडला तरी पातं तडकू शकतं. याची प्रॅक्टिस स्वस्तातल्या जुन्या पात्यावर करा.

आणि सागाबद्दल खरं सांगते, तुम्ही पहिल्याच दिवशी अवघड लाकूड घेतलंय. सागात सिलिका असतो, तो धार पटकन मारतो, आणि बरेचसे जपानी रंधे हिनोकी, सुगी असल्या मऊ लाकडासाठी पातं बरंच आडवं ठेवून बनवलेले असतात. व्हिडिओत जी हवेत तरंगणारी साल दिसते, १० मायक्रॉनच्याही खाली, ती निवडक हिनोकीवर काढलेली असते आणि लोक त्याच्या स्पर्धा भरवतात. रोजच्या कामाला तितकी बारीक लागतही नाही. सागासाठी धारेचा कोन ३० अंशांच्या थोडा वर न्या म्हणजे बारीक तुकडे उडणार नाहीत, पात्यावर बसणारी, साल मोडणारी दुसरी पट्टी धारेच्या अगदी जवळ आणा, आणि लाकडाच्या उलट्या रेषांवर घाई करू नका. ओढायचं तेही नुसत्या हाताने नाही, पाय मागे टाकत कंबरेसकट अंग मागे न्यायचं.

पावसाळ्यात काम झालं की पातं पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि सैल करून ठेवा. हे साधं कार्बन स्टील आहे, आपल्या जुलैत एका रात्रीत तांबेरा धरतं.

आधी पॅकिंगच्या पेटीतली एखादी पाइनची सरळ रेषांची फळी घ्या आणि तिच्यावर चालवा. तिथेही अडला तर तळावर पट्टी धरून, मागून टॉर्च मारून फोटो काढा आणि खाली कमेंटमध्ये टाका, कुठे खरवडायचं ते खुणा करून सांगते.