तीन ठिकाणचा प्रोजेक्ट एका घरी आणताना

सोर्सफोर्ज, गिटहब, गिटलॅब या कोड ठेवायच्या तिन्ही साइटवर तुमच्या प्रोजेक्टचा थोडा थोडा कोड आहे म्हणता. आवरायला घेतलंत हे फार चांगलं केलंत. फक्त डिलीटची घाई नको, बहुतेक नवखे तिथेच फसतात.

आधी मुख्य घर ठरवा. लोक खरोखर बग नोंदवतात ते. मग:

- तिन्हीकडच्या ब्रँच (कामाच्या वेगळ्या शाखा) आणि टॅग (आवृत्तीवर लावलेली खूण) शेजारी ठेवून ताडा. माझ्या १.२ आवृत्तीचा टॅग फक्त जुन्या जागी राहिला होता. ताडला नसता तर कायमचा गेला असता.
- गिट क्लोनमध्ये, म्हणजे कोडची प्रत उतरवताना, बदलांचा इतिहास येतो, इश्यू (साइटवरच्या बग वगैरेंच्या नोंदी) येत नाहीत. रिलीजच्या झिप फायलीही हाताने उतरवा.
- आधीच कोड असलेल्या रिपॉझिटरीवर (प्रोजेक्टच्या साठ्यावर) 'मिरर' पुश, म्हणजे हुबेहूब प्रत चढवणं, करू नका. तिथल्या जास्तीच्या ब्रँच उडतात.

जुन्या जागेच्या रीडमीच्या (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फायलीच्या) पहिल्याच ओळीत नवा पत्ता लिहा आणि गिटहब-गिटलॅबवरची जुनी जागा आर्काइव्ह करा, म्हणजे ती फक्त वाचता येईल. घरी एक प्रत ठेवाच: गूगल कोडसारखी कोड ठेवायची मोठी जागासुद्धा जानेवारी २०१६मध्ये बंद झाली.

सीआयच्या (कोडच्या आपोआप चाचण्या चालवण्याच्या) भानगडीत आत्ता पडू नका. टॅग जुळले की कळवा, इश्यूंचं मग बघू.