बंदिवासाच्या कहाण्या : सुरुवात कुठून करावी?

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी धरून नेलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या या कहाण्या. एकदम दहा पुस्तकं उघडू नका. मेरी रोलँडसनपासून सुरू करा. १६७६ च्या फेब्रुवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या लँकेस्टरहून तिला धरून नेलं, पुस्तक आलं १६८२ मध्ये. छोटंसंच आहे, दोन बैठकींत संपतं.

नवखे हमखास इथे चुकतात :

- धरून नेणाऱ्या सगळ्यांना नुसतं ‘इंडियन’ म्हणणं. जमात कुठली, नॅरागॅन्सेट की मोहॉक, वहीत टिपा.
- सगळं जसंच्या तसं खरं मानणं. ती धर्मोपदेशकाची बायको. प्रत्येक संकटात तिला देवाची परीक्षा दिसते.

बारीकसारीक मात्र सोडू नका. मेटाकॉम, मूळ रहिवाशांचा एक सरदार, तिच्याकडून आपल्या मुलासाठी सदरा शिवून घेतो, एक शिलिंग देतो. त्यातून ती घोड्याचं मांस घेते! शत्रुत्वात असला व्यवहार? मी तिथेच अडकलो.

मेरी जेमिसन, जी धरून नेल्यावर सेनेका जमातीतच राहिली, ती नंतर.